ढेकळ्याचा तेरावा

माझं नाव चिमण. वजन ब्याण्णव किलो. हा विनोद मी केलेला नाही, आईवडिलांनी केलाय. मी फक्त तो सत्तावीस वर्षं वागवतोय.

डहाणू स्टेशनपासून सात मिनिटांवर माझं दुकान आहे. बाहेर पाटी आहे, ‘जुन्या कॅसेट नव्या करून मिळतील’. लोक लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट आणतात, मी त्या पेनड्राइव्हवर उतरवून देतो. आजवर साधारण चारशे लग्नं पाहिली, एकाही ठिकाणी जेवलो नाही. नव्वद ते दोन हजार दोन या काळात डहाणू तालुक्यात कोण कुणाच्या लग्नात रुसून बसलं होतं, याचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा नसेल.

मागच्या फेब्रुवारीत नरपडहून दक्षाबेन आल्या. पन्नाशी उलटलेली, चिकूची वाडी, आवाज बारीक. हातात चिकूची पेटी होती. मी खूश झालो. पेटीत चिकू नव्हते, तेरा कॅसेट होत्या.

“ढेकळ्या आहे,” त्या म्हणाल्या.

मी खुर्चीवरून उठलो. माझ्या वजनाचा माणूस उगाच उठत नाही.

ढेकळ्या म्हणजे मातीचा पोरगा. वीतभर उंच, डोकं नांगरटीतल्या ढेकळासारखं, कान एकच. बोलायचा नाही. अडचण आली की अंग आक्रसून काहीतरी व्हायचा, कधी छत्री, कधी रेडकू, एकदा तर एसटीची बस. नव्वदच्या सुरुवातीला रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचा. दक्षाबेनच्या वडिलांनी, जयंतीकाकांनी, तो त्यांच्या वाडीतल्या शेडमध्ये बनवला. तेरा भाग झाले आणि बंद पडला. बंद पडून बत्तीस वर्षं झाली, तरी तो रिक्षांच्या पाठीवर आहे, टी-शर्टवर आहे, बोर्डीच्या किनाऱ्यावर एका भेळवाल्याच्या गाडीवर आहे. माझी भाची चार वर्षांची. आजच्या हजार रंगांच्या कार्टूनकडे ढुंकून बघत नाही, पण हा एका रंगाचा, मातीच्या रंगाचा, फोनवर आला की घास तोंडात धरून बसायची. असं त्याच्यात काय आहे, यावर लोक मोठमोठे लेख लिहितात. मला एवढंच कळायचं की बाकीची कार्टून आपण बघतो. ढेकळ्याकडे बघताना वाटायचं, तोसुद्धा काम थांबवून आपल्याकडे बघतोय.

“मुंबईची कंपनी पुन्हा काढतेय,” दक्षाबेन म्हणाल्या. “तेराही भाग स्वच्छ करून पाहिजेत. महिनाअखेर.”

बारा भाग आठवड्यात झाले. तेरावा लावताना मी मनाशी म्हटलं, चला, ढेकळ्याचा तेरावा घालू. दुकानात एकटाच होतो, म्हणून हसलोही मीच.

तेरावा दहा मिनिटं चाळीस सेकंदांचा. शेवटच्या दृश्यात ढेकळ्या टेबलावर उभा आहे, मागे काळं कापड. आणि एका चौकटीत, डाव्या बाजूने, हात.

हे तसं नवल नाही. मातीचं चित्र हलतं कसं, तर माणूस बाहुल्याला नखभर हलवतो, हात मागे घेतो, फोटो काढतात. पुन्हा नखभर, पुन्हा फोटो. असे बारा फोटो, म्हणजे बारा चौकटी, की एक सेकंद. हलवणारा कायम दोन फोटोंच्या मधे असतो, म्हणून तो दिसत नाही. कधी हात मागे घ्यायला उशीर झाला तर दिसतो. चूक, एवढंच.

हात उजवा होता. सडपातळ, काळासावळा, तरुण, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. मी दक्षाबेनना फोन लावला.

“बेन, तेराव्यात एक हात आलाय.”

“पुसता येतो ना?”

“येतो.”

“मग पुसा ना, चिमणभाई. विचारता काय?”

कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. ते मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

मी हात पुसला. पण चित्र थोडं हललं होतं, म्हणून कॅसेट पुन्हा उतरवून घेतली. या वेळी भाग दहा मिनिटं बेचाळीस सेकंदांचा भरला. आणि हात आता उजव्या बाजूला होता.

मी सरळ डोक्याचा माणूस आहे. मशीन बिघडलं, असं मानलं. बोर्डीच्या एका निवृत्त मास्तरांकडून दुसरा व्हीसीआर मागून आणला. दहा पंचेचाळीस. हात समोर, टेबलाच्या कडेवर, चार बोटं वर आणि अंगठा खाली. पाण्यातून वर यायला बघणारा माणूस काठाला धरतो, तसा.

पाचव्यांदा उतरवलं तेव्हा मी पाचही हात पडद्यावर शेजारी शेजारी लावले. करंगळी प्रत्येकाची वाकडी. पण पहिला हात पंचविशीतला होता. तिसऱ्याच्या शिरा वर आल्या होत्या. पाचव्याची कातडी सैल होती, बोटांवरचे केस पांढरे, नखं जाड आणि पिवळी.

मी रंग तपासला, उजेड तपासला. उजेडाने सुरकुत्या पडत नाहीत.

इथे कुणीही शहाण्या माणसाने कॅसेट परत केली असती. मी तिची रील केली. पाच हातांचे फोटो, खाली मजकूर: ‘ढेकळ्याच्या तेराव्या भागातला हात कुणाचा? ओळखा आणि स्टिकर जिंका.’ पहिल्या दिवशी चारशे उत्तरं आली. दोनशे जणांनी ‘माझ्या सासूचा’ असं लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर जीप थांबली. साठीची एक बाई उतरली, बरोबर कॉलेजातली मुलगी. मुलीने फोन पुढे केला. त्यावर माझी रील.

“आजीला तलासरीहून आणलंय,” ती म्हणाली. “मी शितल. हिचं नाव सोमी. हिला उत्तर माहीत आहे.”

“सांगा आजी, कुणाचा?”

“माझ्या घरवाल्याचा,” सोमीआजी म्हणाली. “लाहूचा.”

मी स्टिकर काढायला खणात हात घातला, आणि तो तिथेच ठेवला. कारण ती पडद्यासमोर बसली होती आणि पाचव्या हातावर, काचेवर, तिने आपली बोटं टेकवली होती.

“म्हातारा झाला गं,” ती शितलला म्हणाली. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. बऱ्याच दिवसांनी गावाकडचं पत्र यावं, तशी ती हसत होती.

मग तिने सांगितलं. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. नवराबायको दोघं काकांच्या वाडीवर कामाला. लाहूचं बोट हलकं, म्हणून काकांनी त्याला ढेकळ्यावर घेतलं. शेडच्या भिंतीला लागून काळ्या कापडाची खोपटी, आत टेबल. लाहू टेबलाखाली उकिडवा बसायचा, फक्त हात वर. कॅमेरा बाहेर, कापडातल्या फटीला लावलेला, काका बाहेर. काका गुजरातीत मोजायचे. बारावा फोटो झाला की सेकंद पुरा, दिवा बंद, लाहूने बाहेर यायचं, पाठ मोकळी करायची.

“काकांची बोली गुजराती,” ती म्हणाली. “बारा आकड्याला ‘बार’. न् भायेर ये म्हणायलाबी ‘बार’. एका सबदात दोन कामं. ‘बार’ म्हटलं का लाहू भायेर.”

“मग?”

“मग त्या दिवशी काकांचा घसा बसला. डागतरनं बोलू नको सांगितलं. मोजाया दक्षाबेन बसली. ती शिकली मराठी शाळंत. ती म्हणाली, धा, अकरा, बारा.”

पंखा फिरत होता. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता.

“बारा म्हणाली,” सोमीआजी म्हणाली. “बार म्हटलंच नाय.”

दिवा बंद झाला. लाहू आला नाही. कापड उचललं तर टेबल होतं, ढेकळ्या होता, लाहूच्या चपला होत्या. खोपटीला मागे भिंत, तीन बाजूंना कापड, पुढे चार माणसं उभी. पोलिसांनी लिहिलं, कामासाठी वापीकडे निघून गेला असावा. आमच्याकडची माणसं वापीला जातात, कधीकधी परत येत नाहीत. तलाठ्यापासून सगळ्यांना ते पटलं.

“आजी, पण इतक्या वर्षांत तो आपणहून आला नसता का?”

“लाहू?” ती एवढ्या जोरात हसली की शितल दचकली. “आमच्या लग्नात धवलेरीनं, म्हंजे लग्न लावणारीनं, त्याला ‘बस’ सांगितलं न् ‘ऊठ’ सांगाया इसरली. वऱ्हाड जेवून घराकडं गेलं. हा बसलेला! सांगितल्याबिगर उठायचा नाय तो. दादा, त्याला भायेर काढा. मला दुसरं काय नको.”

आता मी सांगायला हवं की मी नाही म्हणालो. पण मी नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकांनी याहून वेड्या मागण्या केल्या आहेत. एका बाईने लग्नाच्या कॅसेटमधून नवरा काढायला सांगितला होता. तोही काढलाय.

पण दोन अडचणी होत्या. दक्षाबेनचा सकाळीच निरोप आला होता की तेरावा झाला असेल तर मूळ कॅसेट जाळून टाका. आणि कॅसेट तशीही संपत आली होती. दर वेळी मशीनमध्ये तपकिरी भुकटी पडत होती. अजून एकदा चालली असती. दोनदा नाही.

मी दक्षाबेनना फोन केला. कॅसेट जाळायची तर तुमच्या समोर जाळतो, असं सांगितलं. अर्ध्या तासात त्या आल्या आणि दारातच थांबल्या.

“सोमी,” त्या म्हणाल्या. “तू.”

“मीच. बसा.”

“मी तेव्हा वीस वर्षांची होते.”

“मी अठ्ठावीसची. लाहूबी अठ्ठावीसचा.”

“मी बरोबर मोजलं होतं, सोमी. बाराच झाले होते.”

“मी कुठं म्हटलं चुकलं? बराब्बर मोजलंत. आता काकांसारखं मोजा, म्हंजे लाहू भायेर येल.”

दक्षाबेननी माझ्याकडे पाहिलं. मी गंभीर चेहरा केला. माझा चेहरा गंभीर झाला की लोकांना वाटतं मला भूक लागली आहे.

“हे सगळं खोटं आहे ना, चिमणभाई?”

“असेल तर तुमचं काय जातंय, बेन? बारापर्यंत मोजायचंय.”

दुपारचे साडेतीन वाजले होते. दार उघडं, ऊन थेट आतपर्यंत. मी कॅसेट लावली.

ढेकळ्या चालत आला. छत्री झाला, पुन्हा पोरगा झाला. मी हा भाग तीस वेळा पाहिला होता, तरी त्या क्षणी मी आणि शितल दोघंही तोंड उघडं टाकून बघत होतो. दहा मिनिटं चाळीस सेकंद झाले. भाग संपला नाही.

हात आला.

या वेळी तो एका चौकटीपुरता नव्हता. टेबलाच्या कडेवर तो थांबला होता. पांढऱ्या केसांचा, वाकड्या करंगळीचा. ढेकळ्याने मान वळवलेली होती, हाताकडे.

“मोजा,” सोमीआजी म्हणाली.

“एक,” दक्षाबेन म्हणाल्या. “बे. त्रण.”

हात हलताना दिसला नाही. पण ‘चार’ला मनगट दिसत होतं. ‘छ’ला कोपर.

“सात. आठ. नव.”

मशीनमधून जळल्याचा वास यायला लागला.

“दस.”

खांदा.

“अगियार.”

दक्षाबेन थांबल्या. पडद्यावर खालून डोक्याचा पांढरा भाग वर आला होता आणि तिथेच थांबला होता.

फीत करकरली.

“बेन,” मी म्हणालो.

सोमीआजी पडद्याकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटले होते.

“बार!”

टक्कन फीत तुटली. पडदा निळा झाला.

दुकानात काहीही घडलं नाही. पंखा, ऊन, रिक्षावाला. दक्षाबेन तोंडाला पदर लावून रडत होत्या. मी मशीन उघडलं. आत फितीचा चुरा.

सोमीआजीने डोळे उघडले. भिंतीजवळच्या माझ्या प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्चीकडे तिने एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

“चल,” ती म्हणाली. कुणाला, ते मला कळलं नाही, कारण शितल आधीच बाहेर उभी होती.

मी दारातून बघत होतो. जीपवाल्याने विचारलं, किती जण? सोमीआजीने तीन बोटं दाखवली.

नंतर मी माझ्या फायली उघडल्या. पाचही वेळा उतरवलेला तेरावा आता दहा मिनिटं चाळीस सेकंदांचाच होता. हात कुठेच नव्हता. मी लावलेल्या त्या पाच फोटोंतसुद्धा नुसतं टेबल होतं. कंपनीला स्वच्छ तेरा भाग मिळाले, त्यांनी माझं कौतुक केलं.

एप्रिलमध्ये ढेकळ्या पुन्हा आला. मोठी जाहिरात झाली. आठ दिवसांत लोक कुरकुरायला लागले. काहीतरी बदललंय, पण काय ते सांगता येत नाही, असं सगळे लिहीत होते. संगणकाने बिघडवला, असं एकाने लिहिलं. मी एकेक चौकट जुन्या प्रतींशी ताडून पाहिली. फरक नव्हता. लोकांच्या घरच्या जुन्या कॅसेटही तशाच झाल्या होत्या. मी भाचीसमोर फोन धरला. तिने थोडा वेळ पाहिलं, घास गिळला आणि विचारलं, “मामा, हे मातीचं आहे का?” मग ती दुसरीकडे बघायला लागली.

मे महिन्यात दक्षाबेनचा फोन आला. “चिमणभाई, एकदा बघून याल? लाहू आला का ते. माझे पाय उचलत नाहीत. मला झोप नाही हो.”

मी मोटारसायकल काढली. चारोटीवरून हायवेने तलासरी, तिथून पूर्वेला आठ किलोमीटर. सकाळचे दहा. कुडाचं घर, अंगण सारवलेलं, बाहेर कोंबड्या. सोमीआजी दारातच होती.

“या दादा. बसा. पोरगी नाय. गेली मावशीकडं ऱ्हायला.”

“का?”

“तिला घरात डोळं मिटाया भ्या वाटतं.”

मी आत गेलो. भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता. पांढरे केस, अंगात जुन्या पद्धतीचा, मोठ्या कॉलरचा शर्ट. हात गुडघ्यांवर. उजवी करंगळी वाकडी.

“नमस्कार,” मी म्हणालो.

तो हलला नाही. श्वासही दिसत नव्हता. डोळे उघडे, नजर माझ्यावर. मी बघत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, पापणी लवली.

त्याचे हात जोडलेले होते.

मी जमिनीवर बसलो. पुढ्यात चहाचे दोन कप होते. ते सोमीआजीने कधी आणून ठेवले ते मी पाहिलं नव्हतं, मी त्याच्याकडे बघत होतो.

“आला ना,” ती म्हणाली. “दक्षाबेनला सांगा, आला. नीट हाय. फकस्त कुणाम्होरं हलत नाय. काम करतो, लाकडं आणतो. आपुन बघितलं का थांबतो.”

“आजी, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कसली? बत्तीस वर्सं डोळं उघडं ठेवून वाट बघितली. आता मिटून काढीन. त्यात काय?”

मी मान डोलावली.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “डोळं मिटा जरा. त्याला चहा प्यायचाय.”

मी मिटले. ना कपाचा आवाज, ना घोटाचा. कोंबड्या मात्र एकदम गप्प झाल्या. किती वेळ मिटायचे ते विचारायला मी तोंड उघडलं, तेव्हा ती म्हणाली, “झालं.”

त्याचा कप रिकामा होता. माझाही. मी चहा प्यायलो नव्हतो.

मी उठलो. गाडी पाड्याच्या तोंडाशी लावली होती, बांबूच्या बेटापलीकडे. सोमीआजी दारापर्यंत आली आणि माझ्या मागे उभी राहिली. मी वळून पाहिलं नाही. आत कुणाची तरी कामं खोळंबली असतील, असं वाटलं.

“येतो आजी.”

“सांभाळून जा हां दादा,” ती माझ्या पाठीशी, अगदी कानाजवळ म्हणाली. “वाट बरी नाय, पु—”

माझी पापणी लवली.

“—ढं खड्डा हाय,” असं ती म्हणाली, ते मी दारातच उभा असताना माझ्या पन्नास पावलं पुढून, बांबूच्या बेटातून.